डेस्कटॉपची हार्ड डिस्क बदलायचीय, पण जुनीतला डाटा अजून बाहेर काढलेला नाही

शाईपेन

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१४ मध्ये जोडून घेतलेला डेस्कटॉप आहे, चौथ्या जनरेशनचा आय५, एच८१ चिपसेटचा बोर्ड, ८ जीबी रॅम आणि एक १ टीबीची हार्ड डिस्क, तीच पहिल्या दिवसापासून चालू आहे. गेले दोन-तीन महिने मशीन चालू व्हायला सात-आठ मिनिटं घेतंय, टास्क मॅनेजरमध्ये बघितलं तर डिस्क कायम १००%, आणि आता फोटोंचं फोल्डर उघडलं की खिडकी पांढरी होऊन तशीच बसते, मग अर्ध्या मिनिटाने एकदम सगळं सुरू होतं. त्या वेळी आतून टिक असा बारीक आवाजही येतो. आधी वाटलं व्हायरस असेल, स्कॅन लावला तर तोच रात्रभर ४०% वर अडकून राहिला.

तर एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी चिपवरची डिस्क, टाकायचं ठरवलंय. विचारायचं हे की ती पातळ पट्टीसारखी येते ती घेऊ की चपटी डबीसारखी येते ती, आणि जुन्या डिस्कचा क्लोन करून सगळं जसंच्या तसं नवीनवर नेता येतं असं वाचलं ते करू की विंडोज नव्याने टाकू? पीसी उघडून रॅम बदललीय मी एकदा, तेवढा हात चालतो.

अजून एक सांगते, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे. डी ड्राइव्हमध्ये बाबांच्या आवाजातल्या रेकॉर्डिंग आहेत, शेवटच्या दोन वर्षांत त्यांना बोलतं करून मी जमवल्या होत्या, लहानपणच्या गोष्टी वगैरे. बाबा आता नाहीत. त्याची दुसरी कॉपी कुठेच नाही. हे लिहितानाच कळतंय की मी किती मोठी चूक करून बसलेय.

जुनंखोकं

ताई, एसएसडीचं नंतर बघू. हे वाचून झालं की आधी पीसी बंद करा आणि पुढचं ठरेपर्यंत चालू करू नका. तुम्ही जे सांगताय ना, फोल्डर पांढरं पडणं, अर्ध्या मिनिटाने सुटणं आणि सोबत टिक, ते म्हणजे डिस्कला एखादा सेक्टर, म्हणजे डाटा ठेवायचा एक छोटा कप्पा, वाचता येत नाहीये आणि ती तोच तोच परत वाचायचा प्रयत्न करतेय. घरगुती डिस्का लवकर हार मानत नाहीत, एकाच जागी कितीतरी सेकंद झटत बसतात आणि तेवढा वेळ विंडोज ताटकळत राहतं. नुसती डिस्क जुनी आणि मंद असती तर सगळंच सारखं मंद चाललं असतं, असं मधेच गोठलं नसतं.

व्हायरस स्कॅन, डिफ्रॅग, चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) यातलं काहीही आता लावू नका. चेकडिस्क तर अजिबातच नको, सगळे सांगतात लाव म्हणून, पण बॅड सेक्टर शोधायचा पर्याय देऊन लावला की ते अख्खी डिस्क वाचत बसतं आणि फाइल सिस्टममध्ये दुरुस्त्याही करतं, म्हणजे जिचा भरवसा नाही त्या डिस्कवर वर लिहायचं. डाटा बाहेर निघाल्यावर हवं ते करा.

एकदाच चालू करून क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये स्मार्टचे आकडे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, बघून घ्या आणि ०५, सी५, सी६, सी७ या ओळींपुढे रॉ व्हॅल्यूच्या खाली काय आहे ते इथे टाका. पेनड्राइव्हवरून चालणारं पोर्टेबल व्हर्जन घ्या, त्या डिस्कवर इन्स्टॉल करू नका. आणि हो, रेकॉर्डिंगचं फोल्डर साधारण किती जीबीचं आहे?

शाईपेन

बघितलं. ०५ पुढे १०, सी५ पुढे १८, सी६ पण १८, सी७ पुढे ३ई८ असं काहीतरी, आकड्यात अक्षर कसं आलं कळलं नाही. वर पिवळ्या रंगात कॉशन लिहिलंय. रेकॉर्डिंग फार नाहीत, दोन जीबीच्या आत. बाकी फोटो-व्हिडिओ धरून साडेतीनशे जीबी असेल.

पीसी बंद केलाय, आता फोनवरून लिहितेय.

सेक्टर५१२

ते आकडे हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या मोजणीत आहेत, क्रिस्टलडिस्कइन्फो डिफॉल्टला रॉ व्हॅल्यू तशीच दाखवतं, सेटिंगमध्ये दशमान करता येतं. म्हणजे तुमचे खरे आकडे: ०५ ला १६, सी५ ला २४, सी७ ला १०००.

०५ म्हणजे रिअलोकेटेड, हे सेक्टर डिस्कने बाद करून राखीव जागेतले वापरायला घेतलेत. ते झालं गेलं. काळजीचा आहे सी५, करंट पेंडिंग. हे २४ सेक्टर डिस्कला वाचता आलेले नाहीत आणि त्यात जे होतं ते सध्या अडकलंय. १६ आणि २४ दोन्ही ८ च्या पटीत आहेत हे पण बघा, आतून ४ केबीचे सेक्टर असलेल्या डिस्कला एक खरा सेक्टर गेला की ५१२ बाइटच्या हिशोबाने ८ मोजले जातात. म्हणजे प्रत्यक्षात तीन जागा. फक्त १२ केबी. आज १२ केबी आहे हे चांगलं, पण हा आकडा वाढतो आणि कधी कधी एका दिवसात वाढतो.

सी७ वेगळी गोष्ट आहे, सीआरसी एरर. तो डिस्कच्या प्लॅटरचा (आतल्या फिरणाऱ्या तबकडीचा) दोष नव्हे, डिस्क आणि बोर्ड यांच्यात डाटा जाताना बिघडला आणि परत पाठवावा लागला याची मोजणी. बहुतेक वेळा कारण साटा केबल, म्हणजे डिस्क बोर्डला जोडणारी केबल. नवी केबल लावा, जुनी फेकून द्या, एसएसडीला चुकूनही ती लावू नका. हा आकडा केबल बदलल्यावर खाली येत नाही, फक्त वाढायचा थांबतो, म्हणून घाबरू नका.

क्लोनचा विचार सोडा. साधी क्लोनिंगची सॉफ्टवेअर न वाचता येणाऱ्या सेक्टरवर आली की एकतर थांबतात नाहीतर तिथेच घिरट्या घालतात. डीडीरेस्क्यू वापरा, खराब डिस्कवरून डाटा काढायचा लिनक्सवरचा प्रोग्राम. ते अडलेली जागा सोडून पुढे जातं, आधी चांगलं सगळं काढून घेतं आणि शेवटी अवघड जागांकडे परत येतं. सोबत मॅपफाइल द्यायची, त्यात कुठवर झालं याची नोंद राहते, म्हणजे मधे लाइट गेली किंवा तुम्ही थांबवलं तरी परत तिथूनच पुढे.

जुनंखोकं

@सेक्टर५१२ डीडीरेस्क्यूबद्दल सहमत पण एक क्रम बदलेन. अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, व्हायला कितीतरी तास लागतात, आणि ही डिस्क तेवढे तास टिकेल याची खात्री तुम्ही-मी देऊ शकत नाही. रेकॉर्डिंग दोन जीबीसुद्धा नाहीत. ती आधी साध्या कॉपीने बाहेर काढायची, दहा मिनिटांचं काम आहे. ती हातात आली की मग निवांत इमेज.

सेक्टर५१२

एरवी मी विरोध केला असता. फाइलवार कॉपी केली की हेड, म्हणजे डिस्क वाचणारं टोक, डिस्कभर धावतं, शेकडो छोट्या फाइली असतील तर फार जास्त, आणि इमेज मात्र एका टोकापासून सरळ वाचत जाते. पण दोन जीबी असेल आणि तेच सगळ्यात मोलाचं असेल तर ठीक, आधी तेवढंच. फोटोंना हात लावायचा नाही, ते इमेजमधून. विंडोजमधून पण नाही, लाइव्ह लिनक्समधून, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या. विंडोज चालू झालं की स्वतःच त्याच डिस्कवर शेकडो गोष्टी लिहितं-वाचतं, इंडेक्सिंग, अपडेट, पेजफाइल.

शाईपेन

म्हणजे लिनक्सचा पेनड्राइव्ह बनवायचा, त्यावरून चालू करायचं, बरोबर? हे मी कधी केलेलं नाही पण करेन. भावाकडे १ टीबीची एक्स्टर्नल डिस्क रिकामी आहे, ती चालेल ना इमेजला?

सेक्टर५१२

१ टीबीची नाही पुरणार. इमेज म्हणजे डिस्कवरचा प्रत्येक सेक्टर, रिकामा भाग धरून. तुमची डिस्क १ टीबी, म्हणजे विंडोज ज्याला ९३१ जीबी म्हणतं ती, आणि भावाची पण तेवढीच, त्यात फाइल सिस्टम स्वतःची थोडी जागा खाते. शेवटच्या टप्प्यात जागा संपली म्हणून थांबेल. २ टीबी बघा. आणि ती फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेली नको, तिथे ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल राहत नाही. एनटीएफएस असू दे.

पेनड्राइव्ह दुसऱ्या कुठल्यातरी कॉम्प्युटरवर बनवा, त्यावर उबंटू टाका आणि चालू करताना इन्स्टॉल नाही, ट्राय निवडा. उबंटूत पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू आहे, कमांड मात्र डीडीरेस्क्यू, यात बरेच जण अडकतात. सिस्टमरेस्क्यू घेतलंत तर त्यात ते आधीच असतं, पण तुम्हाला उबंटूचा डेस्कटॉप सोपा जाईल.

डीडीरेस्क्यूच्या पहिल्या फेरीला एन पर्याय द्या म्हणजे खराब जागा खरवडत बसणार नाही. ती संपली की दुसऱ्या फेरीत डी आणि आर३, म्हणजे तीनदा परत प्रयत्न. आणि एंटर दाबायच्या आधी कुठली डिस्क एसडीए आहे आणि कुठली एसडीबी ते मॉडेल नंबरवरून दोनदा तपासा. दर वेळी चालू केल्यावर ही नावं बदलू शकतात. उलटं झालं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर लिहिली जाईल, आणि त्यातून परत येणं नाही.

जुनंखोकं

एक राहिलं. विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असलं की शट डाउन म्हणजे खरं बंद नसतं, अर्धवट झोपवलेलं असतं, मग लिनक्स ती पार्टिशन फक्त वाचण्यापुरती उघडतं किंवा कुरकुर करतं. आपल्याला वाचायचंच आहे त्यामुळे जबरदस्तीने लिहिण्यासाठी उघडू नका, तसे उपाय नेटवर सापडतील, करू नका. फक्त त्यासाठी म्हणून परत विंडोज चालू करायचीही गरज नाही.

आणि मधेच डिस्क बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडता येणाऱ्या बोर्डच्या सेटिंगमध्ये) दिसेनाशी झाली किंवा आवाज टिक वरून सलग टक टक टक वर गेला, तर तिथेच थांबा, पॉवर काढा. तो हेडचा प्रॉब्लेम असतो आणि मग प्रत्येक मिनिट चालू ठेवणं म्हणजे प्लॅटर घासणं. अशा वेळी डाटा रिकव्हरीच्या लॅबकडेच. डिस्क फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, आत दमट होतं आणि उरलंसुरलं जातं.

तारजोड

सगळे डाटाकडे लागलेत ते बरोबरच आहे, मी तुमच्या मूळ प्रश्नाचं बोलतो. एच८१ बोर्डवर सहसा एम.२ चा स्लॉटच नसतो, म्हणून ती पट्टी विसरा, चपटी २.५ इंची साटा एसएसडी घ्या. पीसीआयई कार्ड लावून पट्टी बसवता येते पण इतक्या जुन्या बोर्डचं बायोस त्यावरून बूट करेलच असं नाही, त्या भानगडीत पडू नका. फरक तसाही तुम्हाला जाणवणार नाही. हार्ड डिस्क मंद वाटते ती मुख्यतः हेड जागेवर जायला लागणाऱ्या वेळामुळे, ७२०० आरपीएमच्या डिस्कला नुसत्या फिरण्याचीच सरासरी ४ मिलिसेकंद वाट बघावी लागते, वर हेड सरकायचा वेळ, आणि विंडोज चालू होताना अशा हजारो छोट्या वाचण्या असतात. एसएसडीत फिरणारं काही नाहीच. साटा असो की पट्टीवाली एनव्हीएमई, तुम्हाला फरक दिसेल तो आठ मिनिटं आणि अर्धा मिनिट एवढा.

एच८१ ला चार साटा पोर्ट असतात आणि त्यातले दोनच ६ गिगाबिटचे, बाकी दोन ३ चे. बोर्डवर पोर्टशेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, बऱ्याचदा रंगही वेगळा असतो, मॅन्युअल बघून खात्री करा आणि एसएसडी ६ वाल्यात लावा. तिथे ५०० एमबीच्या वर जाते, ३ वाल्यात निम्म्याजवळ अडकते.

बसवायला सोपी आहे. पॉवर सप्लायचं मागचं बटण बंद, केबल काढून ठेवा, मग पुढचं पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला चार्ज जातो. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मग आत हात घाला. साटाचे दोन्ही कनेक्टर एल आकाराचे असतात, एकाच बाजूने जातात, ताकद लावायला लागली तर उलटं धरलंय समजा. आतलं प्लास्टिकचं जिभेसारखं तुटतं आणि मग डिस्क गेली. ३.५ इंची डिस्कचे स्क्रू एसएसडीला लावू नका, त्यांचे आटे जाड असतात, एसएसडीला एम३ लागतात, आणि तेही आखूड. जुन्या कॅबिनेटमध्ये २.५ ची जागा नसेल तर ब्रॅकेट मिळतो, पण खरं सांगायचं तर एसएसडी इतकी हलकी असते आणि आत हलणारं काही नसतं, नीट टेकवून ठेवली तरी काही होत नाही.

आता ज्यासाठी मुद्दाम लिहायला बसलो ते. साटा पॉवरची केबल कमी पडली तर दुसऱ्या पॉवर सप्लायची केबल उचलून लावू नका. डिस्कच्या बाजूचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण सप्लायच्या बाजूचं नाही, प्रत्येकाची पिनांची रचना वेगळी असते, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही. माझ्याकडून हे झालंय, केबल अगदी छान बसली होती, चालू केल्याबरोबर वास आला आणि दोन डिस्का एकदम गेल्या, त्यातली एक मित्राची होती. त्याला फोन करून सांगताना जे वाटलं ते अजून आठवतं. तसंच ते मोलेक्सवरून (पॉवर सप्लायच्या जुन्या चार पिनांच्या जोडावरून) साटा करायचे ओतीव प्लास्टिकचे जोड, त्यात आत तारा एकमेकींना चिकटून शॉर्ट होतात, जळतात. स्प्लिटर लागलाच तर ज्याच्या तारा वेगवेगळ्या दाबून बसवलेल्या दिसतात तसला घ्या.

शाईपेन

रेकॉर्डिंग निघाल्या!!! ६३ च्या ६३ फाइली. पेनड्राइव्ह बनवण्यातच अख्खी संध्याकाळ गेली, बायोसमध्ये बूटचा क्रम सापडत नव्हता, पण एकदा उबंटू आलं आणि डी ड्राइव्ह दिसला तेव्हा हात थरथरत होते. कॉपी करताना एका फाइलवर मिनिटभर थांबलं, मग गेलं. लॅपटॉपवर एक-एक उघडून ऐकल्या, सगळ्या शेवटपर्यंत वाजतात. मधे मी रडले, ते जाऊ दे. तीन ठिकाणी कॉपी केल्यात आता, त्यातली एक ताईच्या घरी आहे.

२ टीबीची एक्स्टर्नल भावाच्या ऑफिसमधल्या मित्राने दिली. जुनी साटा केबलही बदलली. आज रात्री डीडीरेस्क्यू लावते.

जुनंखोकं

वा. फार बरं वाटलं वाचून. रात्री लावा, पण कॅबिनेटचं झाकण उघडं ठेवून डिस्कसमोर टेबल फॅन ठेवा. सलग इतके तास वाचताना डिस्क तापते आणि तापली की चुका वाढतात.

शाईपेन

दोन दिवसांनी लिहितेय. पहिली फेरी नऊ तासांत झाली, ९९.९९ का काहीतरी दाखवत होतं. दुसऱ्या फेरीला अजून अडीच तास, शेवटी फक्त १६ केबी राहिलं जे आलंच नाही. इमेजवर राइट क्लिक करून डिस्क इमेज माउंटरने उघडली आणि फोटो सगळे बाहेर काढले. आतापर्यंत एकच व्हिडिओ असा सापडलाय जो मधे एक सेकंद चौकोन चौकोन होतो. एवढंच.

आता एसएसडी आणलीय, ५०० जीबीची. विंडोजचं काय करू? जुन्या विंडोज १० ची की कागदावर कुठेतरी होती, सापडत नाहीये.

तारजोड

की नाही लागणार बहुतेक. एकदा अॅक्टिव्हेट झालेल्या विंडोज १० चं लायसन्स मुख्यतः मदरबोर्डवरून ओळखलं जातं, डिस्क बदलल्याने जात नाही. इन्स्टॉल करताना की नाही म्हणा, आधीचीच एडिशन निवडा, होम असेल तर होम, नेट लागलं की आपोआप होईल. पण एक बघा, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, आणि तुमचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही, ती थोडे अपवाद सोडले तर इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून सुरू होते. जबरदस्तीने ११ टाकता येतं पण ज्या मशीनवर घरचे फोटो आहेत तिथे मी नाही सुचवणार. नुसतं लिहिणं, ब्राउझर, फोटो एवढंच असेल तर जे उबंटू तुम्ही आत्ता दोन दिवस चालवलंत तेच एसएसडीवर टाका असं माझं प्रामाणिक मत आहे.

काहीही टाका, बायोसमध्ये आधी साटा मोड बघा. जुन्या बोर्डांवर कधी कधी आयडीई वर असतो, तो एएचसीआय करा आणि मगच इन्स्टॉल. नंतर बदलला तर विंडोज निळ्या स्क्रीनवर पडतं. आणि इन्स्टॉल होईपर्यंत जुनी डिस्क केबल काढून बाजूला. दोन्ही जोडलेल्या असल्या की विंडोज बऱ्याचदा बूटचा छोटा भाग जुन्या डिस्कवरच ठेवतं, सगळं छान चालतं आणि सहा महिन्यांनी जुनी काढली की मशीन चालूच होत नाही, मग लोक म्हणतात एसएसडी खराब निघाली.

शाईपेन

जुनी काढूनच ठेवलीय, आता परत लावायची नाही. साटा मोड खरंच आयडीई होता! बदलला, उबंटू टाकलं, वीस मिनिटांत झालं. मशीन अर्ध्या मिनिटात चालू होतं आणि आवाजच नाही, दोनदा वाटलं बंद पडलं की काय. स्क्रू कॅबिनेटच्या पुड्यात नव्हते, एसएसडीच्या खोक्यात चार निघाले.

जुनी डिस्क भंगारात देऊ का? त्यात बँकेची कागदपत्रं पण होती.

सेक्टर५१२

तशीच देऊ नका. नुसतं क्विक फॉरमॅट केल्याने काही पुसलं जात नाही, फक्त यादी जाते. अख्खी डिस्क शून्याने भरा, उबंटूच्या डिस्क्स अॅपमध्ये फॉरमॅट करताना तो पर्याय आहे. पण तुमच्या डिस्कचे १६ सेक्टर आधीच बाद झालेत, तिथे साध्या लिहिण्याने पोचता येत नाही, त्यामुळे बँकेचं होतं म्हणताय तर शून्य भरून झाल्यावर लेबलच्या बाजूचं झाकण उघडून प्लॅटरला दोन-चार भोकं पाडा. डोळ्यांवर चष्मा घालून करा, काही डिस्कांचे प्लॅटर काचेचे असतात, तुकडे उडतात. आणि हे सगळं महिनाभराने करा, तोवर ती डिस्क कपाटात असू दे, एखादं फोल्डर काढायचं राहिलंय असं हमखास नंतर आठवतं.